दहा मिलिमीटरची रेघ : गर्भातला मेंदू, सोनोग्राफी आणि जन्मानंतरचे मूल

चार वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, आमच्या रनाळ्यातला एक ओळखीचा तरुण शेतकरी संध्याकाळी घरी आला. कापूस वेचणीचे दिवस होते, अंगावर शेतातलेच कपडे होते. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून त्याने फाइल काढली, फाइलमधून एक कागद काढला आणि विचारले, "भाऊ, हाई काय लिखेल शे?"

बायकोला विसावा आठवडा चालू होता. शहरातल्या एका सोनोग्राफी केंद्राचा तो अहवाल होता. शेवटच्या परिच्छेदातली एक ओळ पेनाने अधोरेखित केलेली होती. बाळाच्या मेंदूतील डाव्या बाजूच्या पोकळीची रुंदी १०.४ मिलिमीटर भरते, काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी, एवढाच तिचा अर्थ. पण केंद्रातून बाहेर पडताना कोणीतरी त्यांना सांगितले होते, "बाळाच्या डोक्यात पाणी आहे." कोणी सांगितले, डॉक्टरांनी की आणखी कोणी, हे त्याला नीट आठवत नव्हते. बायको दोन रात्री झोपली नव्हती.

मी डॉक्टर नाही. जुने अहवाल, गॅझेटियर, कायद्यांची पुस्तके वाचत बसणे हा माझा गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा नाद. त्याला मी स्पष्टच सांगितले की याचे उत्तर तज्ज्ञ डॉक्टरच देतील, आणि त्यांना प्रश्न कोणते विचारायचे तेवढे कागदावर लिहून दिले. तो गेला. माझ्या डोक्यात मात्र तो आकडा राहिला. दहाच का? नऊ का नाही, बारा का नाही? ही रेघ कोणी आखली, कशासाठी आखली, आणि ती रनाळ्यातल्या एका घरापर्यंत येताना तिचा अर्थ कसा बदलत गेला? त्या शोधातून हा लेख झाला.

पोलादातली चीर शोधणारे यंत्र

या यंत्राचे कुळ कारखान्यातले आहे. बॉयलरच्या पोलादात किंवा जहाजाच्या पत्र्यात आत कुठे चीर आहे का, हे पाहण्यासाठी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडत आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजत. ग्लासगो विद्यापीठातील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात काम केले होते, रडारचे तंत्र त्यांच्या परिचयाचे होते. १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या काही गाठी घेऊन ते एका बॉयलर कारखान्यात गेले आणि त्या गाठी तिथल्या धातू तपासण्याच्या यंत्राखाली धरल्या. मांसाच्या घट्ट गाठीचा प्रतिध्वनी वेगळा, पाण्याने भरलेल्या गाठीचा वेगळा, हे तिथे लक्षात आले. पुढे अभियंता टॉम ब्राउन आणि डॉ. जॉन मॅकविकार यांच्या साथीने त्यांनी लिहिलेला निबंध ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्ये आला. पोटातल्या बाळाच्या डोक्याचा प्रतिध्वनी जगाने पाहिला तो त्या निबंधात.

तोवर गर्भाचे डोके पाहायचे तर क्ष-किरणांवाचून इलाज नव्हता. त्याच सुमारास ऑक्सफर्डच्या डॉ. अ‍ॅलिस स्ट्यूअर्ट यांनी दाखवून दिले की गरोदरपणी ज्यांच्या पोटाची क्ष-किरण तपासणी झाली, त्यांच्या मुलांत कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळते. क्ष-किरण मागे पडले आणि ध्वनिलहरींना वाट मोकळी झाली.

सुरुवातीला मेंदू दिसतच नसे. कवटीचे हाड प्रतिध्वनी चांगला देते म्हणून एक गोल कडे दिसे, कड्याच्या मधोमध एक रेघ दिसे, बाकी सगळा अंधार. डॉक्टर त्या कड्याची एका कानाकडून दुसऱ्या कानाकडची रुंदी मोजत आणि त्यावरून किती आठवडे झाले ते ठरवत. म्हणजे डोक्याचे माप हे आधी तारीख काढण्याचे साधन होते. बाळाच्या बुद्धीशी त्याचा कोणी संबंध जोडला नव्हता.

तो जोडला गेला १९७२ मध्ये. लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात स्टुअर्ट कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांना सतराव्या आठवड्यात एका गर्भाच्या डोक्याचे ते कडेच सापडेना. कवटीचा वरचा भाग आणि मेंदूचा मोठा भाग तयारच न होणे, ही ती अवस्था. असे मूल जन्मले तरी काही तास, फार तर काही दिवस जगते. त्या मातेने गर्भपाताचा निर्णय घेतला. सोनोग्राफीतल्या दृश्यावरून गर्भारपणाचा पुढचा मार्ग ठरल्याची ही अगदी आरंभीची नोंद आहे. इथून पुढे हे यंत्र नुसते मोजमापाचे राहिले नाही.

लिंबू, केळे आणि दहा

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पडद्यावर हलते चित्र दिसू लागले, आणि कड्याच्या आतला अंधार हळूहळू उजळला. १९८६ मध्ये किप्रोस निकोलाइड्स, कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी दोन खुणा सांगितल्या. आमच्या केळीच्या मुलखातल्या वाचकाला त्या सहज लक्षात राहतील. पाठीच्या कण्याचा भाग नीट न मिटलेला असेल (याला स्पायना बिफिडा म्हणतात) तर मेंदू खाली ओढला जातो. त्यामुळे कपाळाची हाडे दोन्ही बाजूंनी चेपून डोक्याचा आकार लिंबासारखा दिसतो, आणि लहान मेंदू वाकून केळ्यासारखा दिसतो. कण्यातली एवढीशी फट पडद्यावर शोधणे कठीण, पण डोक्यातले लिंबू-केळे ओळखणे सोपे. पाठीचा दोष डोक्यात दिसतो, ही प्रसूतिशास्त्रातली मोठी सोय झाली.

आता दहाची गोष्ट. मेंदूत पाण्यासारखा द्रव असलेल्या पोकळ्या प्रत्येकाला असतात. गर्भातही असतात. त्या फुगल्या तर काही बिघाड असू शकतो. पण फुगल्या म्हणजे किती? १९८८ मध्ये कार्डोझा, गोल्डस्टाइन आणि फिली या अमेरिकी डॉक्टरांनी निरोगी गर्भांच्या बाजूच्या पोकळ्या ठरावीक जागी मोजल्या. सरासरी रुंदी ७.६ मिलिमीटर भरली, आणि चौथ्या महिन्यापासून अखेरपर्यंत ती जवळपास तेवढीच राहते असे दिसले. त्यांनी दहाची मर्यादा सुचवली.

त्यांच्या निबंधाचे शीर्षक मी दोनदा वाचले. त्यात शब्द होता 'वगळणे'. एका मापाने पोकळी फुगल्याची शंका कशी वगळता येईल, हा त्यांचा विषय. म्हणजे रेघ आखली गेली ती "दहाच्या आत आहे ना, मग काळजी नको" असे सांगण्यासाठी. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत ती जगभर गेली आणि जाता जाता उलटी वाचली जाऊ लागली : दहाच्या वर आहे, म्हणजे मेंदूत दोष आहे. मूळ निबंधात असे कुठेच नव्हते. रनाळ्यातल्या त्या माउलीच्या दोन रात्री या उलट्या वाचनाने नेल्या.

आज तज्ज्ञ दहा ते बारा मिलिमीटरला सौम्य, तेरा ते पंधराला मध्यम आणि पंधराच्या वर तीव्र वाढ म्हणतात. दहाच्या वर माप आले की पुढचा शोध सुरू होतो. मेंदूचे बाकीचे भाग, हृदय, कणा नीट आहेत का? आईला गर्भारपणात काही जंतुसंसर्ग झाला होता का? गुणसूत्रांत बदल आहे का? काही आठवड्यांनी तेच माप वाढते, कमी होते की तेवढेच राहते? या सगळ्यात काहीच सापडले नाही, तर त्या वाढीला 'एकटी' म्हणतात. अशा सौम्य आणि एकट्या वाढीच्या मुलांवरचे निरनिराळे अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की सुमारे ८ टक्के मुलांत विकासाचा उशीर आढळला. म्हणजे बारातली अकरा मुले इतर मुलांसारखीच वाढली. तीव्र वाढीचे चित्र मात्र बरेच जड आहे, आणि तिथे खोटा दिलासा देणे हाही अपराधच.

काही खुणा तर त्याहून हलक्या असतात. मेंदूतला द्रव तयार करणाऱ्या जाळीत छोटे फुगे दिसतात. १९८४ मध्ये त्यांची प्रथम नोंद झाली तेव्हा खळबळ उडाली. आज माहीत आहे की बहुतेक फुगे सातव्या महिन्यापर्यंत आपोआप विरतात आणि एकटे असतील तर मुलाच्या वाढीवर त्यांचा परिणाम होत नाही.

चित्र अधिक स्पष्ट करण्याचे प्रयत्न चालूच आहेत. ब्रिटनमधील ५७० गर्भवतींवरील एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. मेंदूतील दोषाचे निदान सोनोग्राफीने ६८ टक्के वेळा बरोबर ठरले, तर गर्भाच्या एमआरआयने ९३ टक्के वेळा. एमआरआयची जोड मिळाली तर बराच फरक पडतो, हे खरे. पण दोन्ही तपासण्या दाखवतात ती मेंदूची घडण. मूल कधी बोलेल, वर्गात लक्ष देईल का, गणित जमेल का, याचे चित्र कोणत्याही यंत्रात निघत नाही. त्यासाठी मूल जन्मावे लागते आणि कोणीतरी त्याच्याकडे वर्षानुवर्षे पाहत राहावे लागते.

मुंबईच्या गिरणीतला धागा

लिंबू-केळ्याचा दोष पडद्यावर दिसण्याच्या बऱ्याच आधी टाळता येतो, आणि त्या शोधाचे एक टोक आपल्या मुंबईत आहे.

१९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर भारतात आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी एक जबर पंडुरोग होई. रक्तपेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होत, आणि लोहाने गुण येत नसे. विल्सबाईंनी या बायकांचे खाणेपिणे तपासले, तसेच अन्न उंदरांना देऊन पाहिले आणि अखेर यीस्टच्या स्वस्त अर्काने, मार्माइटने, हा पंडुरोग बरा होतो असे दाखवले. १९३१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने त्यांचा निबंध छापला. अर्कात नेमके काय आहे हे तेव्हा ठाऊक नव्हते, म्हणून त्याला 'विल्स घटक' म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तोच घटक वेगळा काढला गेला. पानाच्या लॅटिन नावावरून त्याला नाव मिळाले फॉलिक आम्ल.

साठच्या दशकात लिव्हरपूलच्या डॉक्टरांना शंका आली की या घटकाची उणीव आणि गर्भाचा मेंदू-कणा न मिटणे यांचा संबंध असावा. १९९१ मध्ये सात देशांतील ३३ केंद्रांवरच्या चाचणीने ती खरी ठरवली. आधी असे मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतले, तर पुन्हा तसे होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला.

यातली मेख 'आधीपासून' या शब्दात आहे. मेंदू आणि कणा ज्या नळीपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते. तेव्हा बहुतेक बायकांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. आशाताईंकडे नोंद होऊन गोळ्या मिळेपर्यंत नळीचे काय व्हायचे ते होऊन गेलेले असते. शाळकरी मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी सगळ्यांना माहीत आहे. तिच्यात ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. पण ती रक्तक्षयासाठी आहे. नळीच्या रक्षणासाठी मूल हवे असलेल्या स्त्रीला रोज ४०० मायक्रोग्रॅम सुचवतात. आठवड्याची एक गोळी आणि रोजची एक गोळी यांतला हा फरक लग्न ठरलेल्या मुलीला सांगणारे कोणी गावात भेटत नाही. हळदीला शंभर माणसे जमतात, हे मात्र कोणाच्या तोंडी नसते.

भिंतीवरची पाटी

महाराष्ट्रात सोनोग्राफी वाढली ती ऐंशी-नव्वदच्या दशकांत, आणि तिच्याबरोबर वाढला मुलगी नको असण्याचा जुना रोग. गर्भजल तपासणीचा लिंगनिदानासाठी होणारा वापर पाहून स्त्री संघटनांनी, आरोग्य कार्यकर्त्यांनी आवाज उठवला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. अंमलबजावणी होत नाही म्हणून २००० मध्ये 'सेहत' आणि 'मासूम' या संस्था व डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. तरीही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. कायद्याची गरज किती होती हे या आकड्यांतून दिसते.

माझे निरीक्षण वेगळ्या अंगाने आहे. या कायद्याच्या चौथ्या कलमात तपासणी कशासाठी करता येईल त्याची यादी आहे : गुणसूत्रांचे दोष, चयापचयाचे आनुवंशिक आजार, रक्तातील हिमोग्लोबिनचे आजार (आमच्या जिल्ह्यात घरोघर ठाऊक असलेला सिकलसेल त्यातलाच), जन्मजात व्यंगे. म्हणजे यंत्र कशासाठी वापरावे हे कायद्यानेच सांगितले आहे. पण केंद्राच्या भिंतीवर एकच पाटी असते : येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. ती पाटी हवीच. मात्र चाळीस वर्षांच्या या लढ्यात लोकांच्या मनात सोनोग्राफी म्हणजे मुलगा की मुलगी एवढेच समीकरण बसले. यंत्र बाळाच्या मेंदूबद्दलही काही सांगते, ते कसे वाचायचे, कोणाला विचारायचे, याची पाटी कुठेच नाही. त्यामुळे असा अहवाल हाती आला की घरातली माणसे गोंधळतात, आणि बाहेर पडताना ऐकलेल्या एका वाक्यावर विसंबतात.

विसावा आठवडा

गर्भपाताच्या कायद्याचे मूळही महाराष्ट्राशी जोडलेले आहे. १९६४ मध्ये नेमलेल्या केंद्रीय समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा. १९६६ मध्ये अहवाल आला, १९७१ मध्ये कायदा झाला आणि १९७२ च्या एप्रिलपासून लागू झाला. वरची मर्यादा वीस आठवडे. कॅम्पबेल यांचा तो निबंध १९७२ चा. म्हणजे समितीने अहवाल लिहिला तेव्हा गर्भाचा मेंदू पाहता येईल अशी कल्पनाही कोणाला नव्हती.

नंतर यंत्र आले आणि तारखा एकमेकींवर आदळल्या. गर्भाचे अवयव नीट पाहण्याची सोनोग्राफी करतात अठराव्या ते विसाव्या आठवड्यात. शंका आली तर पुन्हा तपासणी, दुसरे मत, गुणसूत्रांचा अहवाल. तोवर वीस आठवडे उलटून जातात. २००८ मध्ये मुंबईतील एक दांपत्य आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार हाच प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांच्या बाळाच्या हृदयात दोष आढळला होता. ४ ऑगस्ट २००८ रोजी न्यायालयाने परवानगी नाकारली, पण प्रश्न देशभर पोहोचला.

मेंदूच्या बाबतीत वाट उघडली ती २०१६ आणि २०१७ मध्ये. कवटी-मेंदू तयारच न झालेल्या गर्भांच्या दोन प्रकरणांत मुंबईच्या केईएम रुग्णालयातील वैद्यकीय मंडळाचे मत घेऊन सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. २०१७ च्या फेब्रुवारीत डाउन सिंड्रोमच्या एका प्रकरणात मात्र नाकारली, कारण आईच्या जिवाला धोका नव्हता. हे निकाल शेजारी ठेवून वाचले की फरक दिसतो. पहिल्या दोन्हींत मूल जगणारच नव्हते. तिसऱ्यात जगणारे, हळू शिकणारे मूल होते. त्याला कसे वाढवायचे, त्या आईबापांना मदत कोण करणार, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. तो तसाच त्यांच्याबरोबर घरी गेला.

२०२१ मध्ये कायदा बदलला आणि २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाला. गर्भात गंभीर दोष असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर आठवड्यांची वरची मर्यादा राहिली नाही. मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, सोनोग्राफीतज्ज्ञ हवेत. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचे, असे नियम सांगतात.

आता हे सारे आमच्या जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून पाहू. दिवाळी झाली की अक्राणी, अक्कलकुवा भागातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात, ती उन्हाळ्यात परततात. श्रावणात दिवस गेलेल्या बाईचा अठरावा-विसावा आठवडा मार्गशीर्ष-पौषात, उसाच्या फडात येतो. तिची ती सोनोग्राफी होतच नाही, किंवा झाली तर परक्या गावात, परक्या भाषेत होते. कागद बैलगाडीच्या सामानात भिजतो. तीन दिवसांची मुदत तिच्यासाठी सुरूच होत नाही.

जन्मानंतर मोजणारे

गर्भातला मेंदू पाहणाऱ्यांची नावे जगभर गाजली. जन्मलेल्या मुलाची वाढ चिकाटीने मोजणारी मराठी माणसे मात्र फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी अमेरिकी बेली मोजपट्टी हाती घेऊन भारतीय बाळांवर तपासली. मूल मान कधी धरते, कधी बसते, पेल्यात ठोकळा कधी टाकते, हाक मारल्यावर कधी वळते, या गोष्टींचे आपल्या मुलांचे वय त्यांनी नोंदवले. पुढे यातूनच जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी 'डासी' ही मोजपट्टी तयार झाली. तिच्यात हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ बाबी आहेत. अमेरिकेतल्या मुलाच्या मापाने खानदेशातल्या मुलाला मागास ठरवण्याचा धोका या कामाने टळला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला आणि तो अठरा वर्षांपर्यंत चालवला. त्या पत्त्यांवर पुन्हा पुन्हा पत्रे पाठवणे, स्थलांतर झालेल्यांना शोधणे, परत बोलावणे हे काम किती किचकट असेल याचा विचार करावा. बाराव्या वर्षी त्यांना दिसले ते असे : सरासरी बुद्ध्यंक सामान्य मर्यादेत, पण सोबतच्या मुलांपेक्षा कमी. काही मुलांना हात आणि डोळा यांचा मेळ घालणे जड, काहींना वाचन आणि गणित जड. यातले पुष्कळसे पहिल्या वाढदिवशी कोणालाच दिसले नसते. चालणारे, बोलणारे मूल ठीक आहे असे घर मानते, आणि अडचण तिसरी-चौथीत वहीवर उमटते.

सोनोग्राफीत खूण दिसलेल्या मुलांनाही हाच नियम लावायला हवा. वर सांगितलेल्या बारातल्या त्या एका मुलाला लवकर ओळखले, तर बोलण्याचा सराव, व्यायाम, शिकवण्याची वेगळी पद्धत यांनी बराच फरक पडतो. मुंबईत २००१ पासून 'उम्मीद' ही संस्था अशा मुलांसाठी काम करते आहे. सरकारी पातळीवर ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्या पालघरमध्ये. जन्मजात दोष, आजार, पोषणाची उणीव आणि विकासातील उशीर हे चार विषय, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. शंका आली तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे.

पालघर निवडले गेले ते कोणत्या कारणाने मला ठाऊक नाही, पण जागा अचूक आहे. त्याच परिसरात, बोर्डी येथे, १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी अंगणात मुले जमवून बालशिक्षण सुरू केले होते, पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला. पहिल्या ३३ प्रकल्पांत मेळघाटातील धारणी होते. मूल जिथे आहे तिथे जाऊन त्याच्याकडे पाहायचे, ही रीत आपल्याकडे ऐंशी वर्षांची आहे.

मग अडते कुठे? अडते ते दोन कागदांच्या मध्ये. गर्भातल्या तपासणीचा कागद प्रसूतीबरोबर संपतो. अंगणवाडीतल्या तपासणीचा कागद कोरा सुरू होतो. पथकातल्या डॉक्टरला पुढ्यातल्या मुलाच्या मेंदूबद्दल विसाव्या आठवड्यात काही लिहिले गेले होते हे कळायला मार्ग नसतो. आईला ते आठवते, पण विचारल्याशिवाय ती सांगत नाही. पोरीला कोणी बोल लावू नये, पुढे सोयरीक अडू नये, हे तिच्या मनात असते. साठ-सत्तर वर्षांत पाहण्याची विद्या वाढली, पाहू कोणाला द्यायचे याचे कायदे झाले, कुठल्या आठवड्यापर्यंत काय करायचे याचे कायदे झाले. पाहिलेले जन्मानंतर पुढे नेणारी साधी ओळ मात्र अजून कोणाच्याच कामात धरलेली नाही. ती लिहायला खर्च नाही. माता-बाल कार्डावर, लसीकरणाच्या पानाशेजारी, प्रसूती करणाऱ्या डॉक्टरने एवढेच लिहावे : गर्भात अमुक दिसले होते, अमुक वयात मुलाची वाढ पाहावी.

त्या शेतकऱ्याची मुलगी पुढच्या फाल्गुनात जन्मली. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या तपासणीत माप तेवढेच राहिले होते, बाकी काही सापडले नव्हते. चौदाव्या महिन्यात ती चालली. मी फाइल पुन्हा पाहायला मागितली तेव्हा जन्माआधीचे अकरा कागद होते, आणि जन्मानंतरचे लसीकरण कार्ड. वाढ तपासल्याची नोंद एकही नव्हती. "आते कसाले?" तो म्हणाला. पोरगी धावते, बोलते, आता कशाला दाखवायचे? त्याचे म्हणणे चूक नव्हते. तरी सोनोग्राफीच्या अहवालाची झेरॉक्स काढून ती अंगणवाडीत पथक येईल तेव्हा दाखवायची, एवढे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले.

पथकातल्या डॉक्टरांनी तो कागद नीट वाचला, मुलीला ठोकळे दिले, चित्रे दाखवली, दोन-चार प्रश्न विचारले. आज तरी वयाप्रमाणे आहे, म्हणाले. मुलगी आता साडेतीन वर्षांची आहे, आणि अंगणवाडीत सगळ्यात मोठ्याने गाणी म्हणते असे सेविकाताई सांगतात. अहवालाची झेरॉक्स कार्डाच्या मागे टाचलेली आहे. तिच्यावर तिच्या आईने, सातवीपर्यंत शिकलेल्या त्या बाईने, पेन्सिलने लिहून ठेवले आहे : पहिलीत घालण्याआधी परत दाखवणे.